मी पाणी काढणारी सुई नव्हे

मी एक जुनी सुई आहे, मित्रांनो. थांबा, पळू नका! दंडात टोचतात ती मी नव्हे. मी बोटभर लांब, पोटात बारीक तार घातलेली, पाठीच्या कण्यात शिरणारी. नागपूरच्या एका दवाखान्यात रोज उकळत्या पाण्यात माझी आंघोळ होई. बोथट झाले की दगडावर घासून पुन्हा कामाला जुंपत.

१९६४ साली इतवारीत हातगाडी ओढणाऱ्या कवडूची सहा वर्षांची पंचशीला आमच्या वॉर्डात आली. क्षयाने तिच्या मेंदूचे आवरण गाठले होते. पोर शुद्धीवर नव्हती. दंडातून दिलेले औषध रक्तात फिरते, पण मेंदूच्या दारावरचा पहारा त्याला पुरेसे आत सोडत नाही. म्हणून डॉक्टर मधुसूदन माझ्यातून पाठीतले थोडे पाणी काढत आणि त्या जागी औषध सोडत. हे रोज करावे लागे. खंड पडला तर पोर हातची जाणार होती.

पाचव्या दिवशी मी ट्रेमध्ये तयार, आणि खाट रिकामी! माझा तर जीवच उडाला. तुळसाबाई आया फाटकाकडे धावल्या आणि रिक्षात बसलेल्या कौसल्येला, पंचशीलाच्या आईला, पोरीसकट परत घेऊन आल्या.

"काहून नेऊन राहिली वं पोरीले?"

"रोज पाणी काढून राहिले, बाई! कशी सुकली पाहा. आटून जाईन माही पोरगी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रोज ते "पाणी काढायचंय" एवढेच म्हणत आणि आईला बाहेर काढत. औषध घालायचे आहे, हे सांगायचे राहूनच गेले होते. मला त्यांचा भारी राग आला. चूक त्यांची आणि बदनाम मी!

"काढून नाही, दवा टाकून राहिले वं," तुळसाबाई म्हणाल्या. "चाल आत, पाह्य आपल्या डोयानं."

कौसल्येने लेकीला कुशीवर वळवले आणि गुडघे हनुवटीला लावून स्वतः धरून ठेवले. मी शिरले, हाडाला अडले. दुसऱ्यांदा शिरले तेव्हा थेंब आले, आणि मग हळूहळू औषध आत गेले. कौसल्या टक लावून पाहत होती.

त्यानंतर रोज तीच लेकीला धरी. बाराव्या दिवशी मी टोचले मात्र, पंचशीला किंचाळली, "माय वं, दुखते!"

कौसल्या हसत होती की रडत होती, तिचे तिलाच कळत नव्हते. कुणाला दुखवून मला एवढा आनंद कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झाले, तर सुई जरूर टोचा. पण आईला दाराबाहेर ठेवू नका.