सोफियातली सहा मिनिटं

मारिएताने फोन स्केटिंगच्या भाड्याच्या बुटाला टेकवून काउंटरवर उभा केला, आणि तो घसरून पालथा पडला. तिने तो पुन्हा उभा केला. पुन्हा पडला.

"सरका प्रोफे, हे तुमचं काम नाही," म्हणत वॉशिंग्टनने दुसरा बूट आणून पुढून अडकवला. वॉशिंग्टन बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायचा, कोच मारिएताला सगळ्यांसारखं प्रोफे, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणायचा आणि उरलेला सगळा दिवस न मागता सल्ले द्यायचा. पण या वेळी फोन खरोखरच टिकला.

पडद्यावर बल्गेरियातल्या सोफियाचं रिंक दिसत होतं, मैदानाएवढं. तिकडे संध्याकाळ झाली होती. इकडे किटोत शनिवारची सकाळ होती, आणि मॉलच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या एवढ्याशा रिंकवर कुणा मातेओचा सातवा वाढदिवस चालला होता. निळे बूट घातलेली पोरं कठड्याला वटवाघळांसारखी लटकली होती. स्पीकरवर रेगेटॉन दणदणत होतं.

"अरे, तो आवाज कमी कर! माझी पोर तिकडे देशाचं नाव घेऊन उभी आहे आणि इथे काय तमाशा लावलाय!"

"वाढदिवसाच्या पोराला काय सांगू, प्रोफे? इक्वादोरसाठी गप्प बस म्हणून?"

"सांग! सात वर्षांचा झालाय ना, कळेल त्याला."

तेवढ्यात नार्सिसा धावत आली. मारिएता जिला आपली पोर म्हणत होती, त्या शिष्येची, दोमेनिकाची, खरी आई. दुसऱ्या मजल्यावर तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि एका बाईच्या डोक्याला रंग फासून, तिला तसंच बसवून ती आली होती. हातात अजून रबरी मोजे होते.

"झालं का सुरू?"

"आता सराव. मग तिचा नंबर पहिलाच."

"पहिला म्हणजे चांगलं की वाईट?"

"पहिला म्हणजे पहिला, नार्सिसा. बस आता."

फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरायचं, तर आधी कुठल्या तरी मान्य स्पर्धेत तांत्रिक गुणांची एक ठरावीक पायरी गाठावी लागते. मोसमातली ही शेवटची स्पर्धा होती. दोमेनिका तेवीस वर्षांची, आणि या खेळात तेवीस म्हणजे गुडघे बोलायला लागलेले असतात. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं! मारिएता स्वतः कधीच कुठे गेली नव्हती. तिच्या वेळी पाठवणारंच कुणी नव्हतं. आणि आता जायची वेळ आली, तर व्हिसा आला नाही. पोर एकटी गेली. कठड्यापाशी उभं राहायला अर्जेंटिनाच्या एका कोचने होकार दिला होता. या खेळातल्या छोट्या देशांची माणसं अशी एकमेकांची सोय बघतात.

सहा मुली बर्फावर उतरल्या. सरावाला मिळतात सहा मिनिटं. परक्या बर्फाची ओळख करून घ्यायची ती तेवढ्यातच: कुठे कडक आहे, कुठे पाऊल जास्त घसरतं. दोमेनिकाने दोन गोल फेऱ्या घेतल्या, एक साधी उडी मारली, मग दुहेरी.

"आता तिहेरी," मारिएता पुटपुटली. "एकदाच मार. एकदा अंगात बसली की झालं."

दोमेनिका वळली, उलटी धावू लागली. खांदे बरोबर, गुडघा बरोबर. मारिएताचा स्वतःचा गुडघा काउंटरमागे वाकला.

आणि दोमेनिकाच्या पुढ्यातच एक पोरगी धाडकन आपटली. लिथुआनियाची होती, पाठीवर लांब वेणी, अंगावर हिरवा पोशाख.

दोमेनिकाने उडी सोडली. सोडली ती सोडली, वर ती थेट त्या पोरीपाशी गेली आणि वाकली. आधी तिचा बर्फावर पसरलेला हात उचलून तिच्या छातीशी धरला. मग तिच्या मागे उभं राहून काखेत हात घातले, उभं केलं, आणि गुडघ्यावरचा बर्फ झटकायला लागली.

"अगं काय करतेस!" मारिएता किंचाळली. कठड्याला लटकलेली दोन-तीन पोरं घाबरून खाली बसली. "सोड तिला! तिला तिचा कोच आहे! तिला आख्खा देश आहे!"

"काय झालं? काय केलं तिने?" नार्सिसाला काही कळेना.

वॉशिंग्टनला मात्र कळलं होतं. या रिंकवर दोमेनिकाला बर्फ मिळाला होता तो कामाच्या बदल्यात. लहानपणापासून ती शनिवार-रविवारच्या गर्दीत पडलेल्या पोरांना उचलायची, आणि त्याच गर्दीतून वाट काढत स्वतःच्या उड्या मारायची. आधी हाताची बोटं उचलायची, म्हणजे कुणाच्या बुटाचं पातं त्यांच्यावरून जात नाही. मग माणूस उभा करायचा. मग गुडघे झटकायचे. मारिएतानेच ते तिला घोकून घोकून शिकवलं होतं. एकदा दोमेनिका स्वतःच्या गिरकीच्या नादात एका रडणाऱ्या पोराला ओलांडून गेली, तेव्हा मारिएताने तिला अख्खा आठवडा बर्फावर पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

सोफियात ती लिथुआनियाची पोरगी मनगट धरून उभी होती. दोमेनिका तिला हळूहळू कठड्याकडे नेत होती, तिच्याशी काहीतरी बोलत होती. कुठल्या भाषेत, देव जाणे. ती परत मधे आली तेव्हा बाकीच्या मुलींनी सगळ्या वाटा भरलेल्या. एकदा वळली, समोर कुणीतरी आलं. दुसऱ्यांदा वळली आणि भोंगा वाजला.

"गेली," मारिएता म्हणाली. "सहा मिनिटं दान करून आली बया."

दोमेनिका एकटी मधोमध उभी राहिली. एवढ्या मोठ्या बर्फावर ती फारच लहान दिसत होती. गिटार सुरू झाली, किटोच्या जुन्या गाण्याची धून. इथे वॉशिंग्टनने कुणाला न विचारता रेगेटॉन बंद केलं, आणि वाढदिवसाचा मातेओ केकचा तुकडा हातात घेऊन काउंटरपाशी येऊन उभा राहिला.

पहिलीच उडी तिहेरी. दोमेनिका हवेत गेली आणि गिरकीसाठी आवळलेलं अंग हवेतच उघडलं. एकच फेरी झाली. पडली नाही, पण गुण गेले.

नार्सिसाने रबरी मोज्याचा हात तोंडावर ठेवला आणि गालाला काळा रंग लागला. कुणी हसलं नाही.

त्यानंतर मात्र पोरीने जे केलं, ते मारिएताने तिला कधी करताना पाहिलं नव्हतं. एकेक गिरकी अशी नेमकी, एकेक पाऊल असं मोकळं, की जणू जन्मभर गर्दीतून अंग चोरत गेलेल्या मुलीला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. शेवटच्या गिरकीला मारिएताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिने ते पुसलं नाही. पण हिशेब तिला पाठ होता. गिटार थांबायच्या आतच तिने मनात बेरीज केली होती.

आकडे आले. दीड गुण कमी.

"दीड म्हणजे किती?" नार्सिसाने विचारलं.

"ती एक उडी म्हणजे."

वॉशिंग्टनने हात खिशात घातले. "पण शेवट बघितलात ना, प्रोफे?"

"बघितला. शेवट बघून कुणी जगाच्या स्पर्धेला नेत नाही."

अर्ध्या तासाने फोन वाजला तेव्हा नार्सिसा आपल्या गिऱ्हाइकाचे केस धुवायला वर गेली होती. मारिएताने रागाची वाक्यं ओठांवर तयार ठेवली होती. सतरा वर्षांचा घाम. माझा व्हिसा. दुकानात उभं राहून सुजलेले तुझ्या आईचे पाय. एका अनोळखी पोरीसाठी?

"प्रोफे," दोमेनिकाचा चेहरा रडून सुजला होता. "माझी उडी उघडली."

"बघितलं."

"मी सरावात मारलीच नाही ना. कशी कोण जाणे, वेळच संपला."

"कशी कोण जाणे? तू त्या पोरीला उचलत बसलीस म्हणून!"

"कुठल्या पोरीला?"

मारिएताने फोन डोळ्यांजवळ आणला. नाटक करणारी पोर नव्हती ती. कपाळाला आठी घालून आठवत होती.

"हां, गाबियाला! हो, उचललं असेल..." तिचा आवाज हळूहळू बारीक झाला. "म्हणजे त्यात गेला का वेळ? प्रोफे, माझ्या लक्षातच नाही आलं. शप्पत."

मारिएताने तोंड उघडलं. ओठांवरची वाक्यं तशीच होती, एकही विसरली नव्हती.

"तिला फार लागलं का गं?" तिने विचारलं.

मग दोमेनिकाने फोन फिरवला. बाकावर ती वेणीवाली पोरगी बसली होती, मनगटाला पट्टी, नाक लाल. अंगावर पिवळं जॅकेट होतं, बाह्यांवर निळ्या-तांबड्या पट्ट्या, आणि छातीवर मोठ्या अक्षरांत इक्वादोर.

"तिचं सामान दुसऱ्या खोलीत राहिलंय. कुडकुडत होती नुसती," दोमेनिका म्हणाली. "म्हणून दिलं. चालेल ना?"

त्या पोरीने फोनकडे बघून भीत भीत चांगला हात हलवला. मारिएताने डोळे बारीक करून ते जॅकेट नीट बघितलं.

"चेन लावायला सांग तिला," ती म्हणाली. "वरपर्यंत."