कणभर कल

शिशिरातली दुपार. टेकडीवरच्या संशोधन संस्थेच्या उंच काचांतून केशरपिवळं, कृश, कोवळं ऊन आत उतरलं होतं. आणि त्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती, मंद, मौन, मनोहर.

फळ्याच्या दोन टोकांना दोघं उभी होती. डावीकडे यामिनी, उजवीकडे सुमंत. वर्षानुवर्षं त्यांची हीच रीत. एकच गणित दोघांनी दोन टोकांकडून सोडवत यायचं, एकमेकांच्या ओळींकडे पाहायचं नाही, आणि मधोमध उत्तरं जुळली की चहाला जायचं. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. प्रेमही त्यांनी याच रीतीने केलं. संस्थेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकमेकांना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्या दुपारी यामिनीने खडू खाली ठेवला. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला कायमचं बोलावलं होतं, आणि उत्तर आजच कळवायचं होतं.

"सुमंत, जाऊ की राहू?"

राहा, राहा, असं त्याचं रोमरोम आक्रंदत होतं. पण जन्मभर सममितीची उपासना केलेला हा साधक! आपल्या शब्दाचं वजन तिच्या पारड्यात पडू नये, तिचा निर्णय निर्मळ असावा, असं त्याला वाटलं. यालाच तो आदर समजत होता. वेडा कुठला!

"मला दोन्ही सारखंच," तो म्हणाला.

"सारखंच?"

"तुझा निर्णय तुझाच असायला हवा ना."

तिने हातावरची खडूची धूळ झटकली. मग "बरं" म्हणाली. संध्याकाळी तिने होकार कळवला, आणि महिना सरायच्या आत ती गेली. निरोपाच्या वेळीही सुमंत तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होता.

फाल्गुनातल्या एका सकाळी तो वर्गात सममितीभंग शिकवत होता.

"जिथे सममिती, तिथे काहीतरी अक्षय राहतं. विद्युतप्रभार राहतो तसं. पण निर्वाताला, म्हणजे रिकाम्या अवकाशाला, सगळ्या दिशा सारख्या असल्या, तरी कुठलीतरी एक धरावीच लागते. तिथे सममिती मोडते."

"मग तो अक्षय प्रभार नष्ट होतो, सर?" पुढच्या बाकावरच्या गार्गीने विचारलं.

"नाही. नियम तसाच राहतो. फक्त प्रभार अनंतात असा पसरतो, की त्याची बेरीजच करता येत नाही."

"आणि दिशा कशी ठरते?"

"बाहेरून कल द्यायचा. कणभर. शून्याच्या अगदी जवळचा. तेवढाही पुरतो."

बोलता बोलता त्याचा हात थांबला. तिने तरी दुसरं काय मागितलं होतं? कणभर कल! आणि तेवढाही त्याच्याकडून दिला गेला नव्हता. आता कळलं, वरातीमागून घोडं! त्याला हुंदका आवरेना. वर्ग अर्धा सोडून तो बाहेर पडला.

टेकडीवर वारा सुटला होता. सोनसळी, सुकलेलं, सळसळतं गवत क्षितिजापर्यंत पश्चिमेकडे झुकलं होतं. पातं न् पातं, एकाच दिशेने, एकाच लयीत.

"यामिनी, राहा," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

गवत झुकत राहिलं, झुकत राहिलं. आणि त्या झुकलेल्या अवघ्या माळावर तो एकटा, ताठ, उभा.