बिघाड नसलेले बटण

मित्रांनो, मी एक जुना गेमपॅड आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत घट्ट धरतात ना, तोच. माझा जन्म कारखान्यात झाला. आईवडिलांचे नाव विचारू नका. खोक्यावर फक्त वॉरंटी छापली होती.

उमेदीच्या काळात मी गाड्या पळवल्या, राक्षस लोळवले आणि घरातल्या दोन बहिणींची भांडणे अंगावर झेलली. जिंकणारी म्हणे, "मी जिंकले!" हरणारी म्हणे, "गेमपॅडच भिकार आहे!"

पुढे थोरलीने खेळणे सोडले. मग कॉलेज सोडले, मग मैत्रिणी. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि मी कपाटावर धूळ खाई. त्यांचे बाबा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत. स्क्रू पिळून बरा होत नाही असा आजार त्यांच्या ऐकिवात नव्हता. रोज सकाळी ते दारातूनच गरजत, "ऊठ गं! आळस झटकला की झालं!" थोरलीने उत्तर देणेही बंद केले, तेव्हा धाकटी घाबरली.

तिने मला पुसले, एक गोष्टीचा गेम लावला आणि मला बाबांच्या हाती दिले. गोष्टीतली मुलगीही पलंगावर पडून होती. तिला उठवायचे, एवढेच काम.

"हा काय गेम झाला? चुटकीसरशी उठवतो!" बाबांनी 'ऊठ'चे बटण दाबले. मुलगी ढिम्म. पुन्हा दाबले. हूं नाही की चूं नाही.

"बटण गेलंय," बाबांनी निदान केले आणि माझे पोट उघडले! सगळे पुसून, घासून मला पुन्हा बंद केले. मुलगी तशीच. पुन्हा उघडले. मित्रांनो, गुदगुल्या होत असताना हसता न येणे काय असते, ते मला विचारा.

बाबांनी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तेव्हा दारात थोरली उभी होती.

"बाबा, बटण चांगलं आहे. तिला उठायचंय हो. तिच्याच्यानं उठवत नाहीये."

"अगं, पण मी कधीचा सांगतोय तिला!"

"हो ना. कधीचे सांगताय."

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात 'शेजारी बस' असेही लिहिले होते. त्यांनी ते निवडले. मुलगी उठली नाही, पण तिने कूस बदलली.

"एवढंच?"

"आजच्यापुरतं पुष्कळ आहे," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबा तिच्या पलंगाशी स्टूल टाकून बसले. काय बोलावे सुचेना, म्हणून मिक्सरचे भांडे का गळते ते सविस्तर सांगू लागले. ते इतके कंटाळवाणे होते की ती चक्क हसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, डॉक्टरांकडे याल माझ्याबरोबर?"

"चल, आत्ता!" बाबा ताडकन उठले.

"अहो, लुंगीवर?"

मित्रांनो, मी बिघडलो तर खुशाल उघडून बघा, माझी हरकत नाही. माणसाला मात्र असे उघडता येत नाही. त्याच्याजवळ बसावे लागते, आणि तो आपणहून बोलेपर्यंत कळ काढावी लागते.