संचिताच्या हातावरचं तांबडं

काशीगावात राघोबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाने मनोरमाबाईंच्या घरच्यांना तळहातांना हळद चोळायला लावली आणि एकेकाच्या हातावर तीर्थ ओतलं. नवरा दशरथरावांचे हात पिवळेच राहिले, मुलगा परागचेही. सून संचिताचे मात्र लालभडक झाले. मांडवात एकच गलका उडाला.

"सायन्स जिथं थकतं, तिथं आपला दरबार खुलतो, माई!" बाबा गरजला. "हिच्या हातचं खाताय म्हणून पोट वाहतंय. करणी हाय ही! उपास धरा!"

खड्यांपायी पित्ताशय काढल्यापासून बाईंचे जुलाब थांबत नव्हते. कुठे जायचं म्हटलं तर आधी संडास कुठे आहे ते विचारावं लागे. सासूच्या अंगात ताकद यावी म्हणून संचिता बिचारी वरणभातावर सढळ हाताने तूप वाढायची. आता उपास धरला आणि जुलाब थांबले! आणखी कसला पुरावा हवा?

"आई, मी असं कशाला करीन हो?" संचिता रडली. पराग मान खाली घालून उभा राहिला. तिला रत्नागिरीला माहेरी धाडलं.

उपास काही जन्मभर चालत नाही. बाई स्वतः रांधून जेवू लागल्या आणि जुलाब पुन्हा सुरू. आता करणी कुणाची? शेवटी दशरथरावांनी त्यांना शांती नगरच्या ममता डॉक्टरांकडे नेलं. बाकी तपासण्या ठीक निघाल्या.

"पित्ताशय म्हणजे पित्ताची टाकी," डॉक्टर म्हणाल्या. "टाकी काढली की पित्त आतड्यात सारखं झिरपतं. जास्तीचं मोठ्या आतड्यात उतरलं की तिथे पाणी सुटतं, जुलाब होतात. तुपकट खाल्लं की पित्त वाढतं, उपाशी राहिलं की कमी होतं. ही पावडर पित्त धरून ठेवते. गुण आला की समजायचं, निदान बरोबर."

"पण राघोबाबाच्या तीर्थाने सुनेचे हात लाल झालेले, डॉक्टर!" बाई म्हणाल्या.

"घरी हळदीवर काकांच्या तंबाखूचा चुना घालून बघा. तिच्यासाठी तीर्थ म्हणून चुन्याची निवळी वेगळ्या तांब्यात असणार."

घरी बाईंनी स्वतःच्याच तळहातावर हळद घेतली, चुना कालवला. हात लालभडक झाला. तेव्हा आठवलं, मांडवाबाहेर बाबाच्या एका सेविकेने गोड बोलून विचारलं होतं, स्वयंपाक कोण करतं. "सून," असं त्यांनीच सांगितलं होतं. त्या ओट्याशीच बसून हमसून हमसून रडल्या.

पावडरीने गुण आला. बाईंनी रत्नागिरीला फोन लावला. "चुकलं गं माझं. घरी ये."

"बऱ्या झालात, बरं वाटलं," संचिता म्हणाली. "पण आई, पावडर लागू पडली नसती, तर मी चेटकीणच राहिले असते ना?"

संचिता परत आली नाही.

बाबाचा मांडव अजून भरतोय. तिथे जाणाऱ्यांनो, एवढं ऐका: पोट बिघडलं तर कारण पोटात शोधा, घरातल्या बाईत शोधू नका.