दोन पुस्तिकांची मुलगी

आमच्याकडे प्रत्येक माणसाची एक आरोग्यपुस्तिका असते. ज्या घरातल्या मुलाला फेफरे येते, त्या घरात पुस्तिका दोन होतात: एक शाळेला आणि शेजाऱ्यांना दाखवायची, दुसरी, आजाराची खरी नोंद असलेली, मक्याच्या कणगीत पुरायची. या दुसऱ्या पुस्तिकेवर मी अकरा वर्षे व्याख्याने देत आलो. परिषदांमध्ये त्या भागावर हशा ठरलेला असे, आणि तो पिकेपर्यंत थांबण्याची सवय मी लावून घेतली होती.

एलुबीची आई लिंबे शहरातल्या बाजारात उसिपा, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, विकते. तिनेही मुलीची दुसरी पुस्तिका दडवली होती. बाह्यरुग्ण विभागात तीस बायकांसमोर उभे करून मी तिला विचारले होते, "आजार लपवतेस की मुलगी?"

"दोन्ही लपवते, प्रोफेसर," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय? तुमची पोर नळावर एकटी उभी नसते, बाकीच्या लांब सरकून."

मी तिला वीस मिनिटे विज्ञान ऐकवले. तिने ते ऐकले, कारण औषधाची चिठ्ठी माझ्या हातात होती.

आमचा अभ्यास साधा होता. फेफरे येणारी साठ मुले, निरोगी साठ मुले. सर्वांच्या मेंदूची चित्रे घ्यायची आणि नावे झाकून, कोणता भाग कुठे आकसला आहे ते मोजायचे. निरोगी बाजूला ऐनवेळी एक मूल कमी पडले; यंत्र रक्त शोषते, असे त्याच्या मावशीला कळले होते.

"शनिवारपर्यंत पोर कुठून आणू, प्रोफेसर?" सिस्टर एस्नार्टने विचारले.

"माझी लुसुंगु आहे की," मी म्हणालो.

लुसुंगु, माझी मुलगी, नऊ वर्षांची. एस्नार्टने तिची पुस्तिका चाळली. "एक खोकला आणि गोवराची लस. शिकलेल्यांच्या घरची पुस्तिका अशी असते बघा."

दुसरी पुस्तिका माझ्या अभ्यासिकेत, माझ्याच प्रबंधाच्या मागे होती. तिसऱ्या वर्षी हिवतापात चाळीस मिनिटांची फिट. पुढच्या वर्षी आणखी दोन. त्या गोळ्या कशाच्या, असे सासूबाई विचारू लागल्या, तेव्हा मी त्या बंद केल्या. मला वाटले, संपले. 'मला वाटले' हे शब्द मी विद्यार्थ्यांना लिहू देत नाही.

चित्रे वाचण्याच्या बैठकीत सत्त्याऐंशी क्रमांक पडद्यावर आला. डाव्या कानशिलाच्या आत, आठवणी सांभाळणारा तो बोटाएवढा भाग सुकलेल्या शेंगेसारखा आकसला होता. मी उठून उभा राहिलो.

"हे मूल निरोगी निघालं, तर मी खुर्ची सोडतो," मी विद्यार्थ्यांना म्हणालो. "याला मोठी फिट येत नसेल. हे मधेच थांबत असेल. डोळे उघडे, बोटांचा कशाशी तरी चाळा, हाक मारली तर ओ नाही. घरचे आळशी म्हणत असतील, मारत असतील. असल्या लोकांना मूल देऊच नये."

विद्यार्थी हसले. एस्नार्टने यादी उघडली आणि तिचे बोट एका ओळीवर थांबले.

"प्रोफेसर, आधी चहा घेऊ या का?"

मी यादी ओढून घेतली. सत्त्याऐंशी: निरोगी गट, लुसुंगु म्सिस्का.

मागच्याच रविवारी जेवताना न्सिमाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, घास धरलेला तिचा हात हवेत थांबला होता. मी त्या हातावर चापट मारली. "कुठं असतं गं लक्ष तुझं?"

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली होती. मी त्याला उद्धटपणा समजलो. तिने लक्षण सांगितले होते, तेही माझ्या ग्रंथापेक्षा कमी शब्दांत.

एस्नार्ट माझ्या कानाशी वाकली. "मूल हललं, चित्र बाद, असं लिहिते मी. कोण बघतंय?"

तिची ही दया मला शिवीपेक्षा झोंबली, आणि क्षणभर मी ती स्वीकारलीही. मग म्हणालो, "नको. ही माझी मुलगी आहे. तिला फिट येतात. पुस्तिका मी लपवली."

कोणी हसले नाही. दुसऱ्या पुस्तिकेवर हसायला त्यांना मीच शिकवले होते.

गुरुवारी फेफऱ्याच्या बाह्यरुग्ण विभागात मी लुसुंगुला घेऊन रुग्णांच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो. एलुबीची आई तिथे होतीच.

"आज कुणाला उभं करणार, प्रोफेसर?"

"मुलीला दाखवायला आणलंय."

तिने लुसुंगुकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे. "पुस्तिका कुठली आणलीत? वरची की पुरलेली?"

"दोन्ही."

तिने टोपली पायाशी ओढली आणि आम्हाला जागा केली. थोड्या वेळाने लुसुंगु बोलता बोलता थांबली. तिची बोटे झग्याची कड चोळू लागली. सवयीने माझा हात तिच्या तोंडासमोर चुटकी वाजवायला उठला. एलुबीच्या आईने माझे मनगट धरले.

"नको. घाई करू नका तिला." आणि मासळीचा वास असलेला आपला तळवा तिने लुसुंगुच्या पाठीवर ठेवला. "ये गं सावकाश. आम्ही आहोत इथंच."

अर्धे मिनिट गेले असेल. लुसुंगुने डोळे मिचकावले, समोर मला पाहिले, आणि दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले.