स्टाउटसाठी आणलेले जव

मैत्रिणीचं लग्न आटोपून मंजुषा तिसऱ्या दिवशी साकोलीजवळच्या आपल्या गावी परतली, तेव्हा जवाची पिशवी जागेवर नव्हती. नागपूरहून आणलेले दोन किलो जव. तिचं पुण्याला परत जाणं त्यांवरच अडलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती पुण्यातल्या बिअर बनवणाऱ्या एका छोट्या ब्रुअरीत कामाला होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी आली. ते गेले, आणि माय एकटी म्हणून राहिली. सकाळी भरडलेलं धान्य गरम पाण्यात पडलं की शेडभर जो वास सुटायचा, तो तिला अजून छळायचा. इथे धान उकडतानाचा वासही छान होता, पण तो हा नव्हता. मागच्या आठवड्यात तिथल्या अश्विनचा फोन आला : काळी बिअर करणारं माणूस हवंय. स्टाउट या काळ्या बिअरसाठीचे जव भाजून सोमवारपर्यंत पाठव, नमुना बघून मालक ठरवतील.

जव परसात सापडले. मायने, ललिताबाईंनी, ते भिजवून गोणपाटात बांधले होते, वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून दगड ठेवला होता. चिखलात पेरायच्या धानाला मोड आणतात, अगदी तसे. मंजुषाने गोणपाट सोडलं. दाण्यादाण्याला पांढरी मुळं फुटली होती.

"तूच त सांगत होतीस, बिअरले मोड आलेलं धान्य लागते," माय म्हणाली. "म्हटलं, थकून येशीन, तेवढं तरी करून ठेवावं."

ते खरंच होतं. बिअरचं मुख्य धान्य मोड आलेलंच असतं. पण काळा रंग देणारे थोडे दाणे वेगळे. तिच्या ब्रुअरीत स्टाउटला मोड न आणलेले कोरे जव कॉफीसारखे काळे भाजत; चव कोरडी, कडवट. पोर्टर या दुसऱ्या काळ्या बिअरला मोड आणून वाळवलेले भाजत. चव मऊ, कोकोच्या अंगाने जाणारी. जर्मन पद्धतीच्या काळ्या बिअरला तर साल काढलेले दाणे, म्हणून रंग काळा नि कडूपणा जेमतेम.

हे जव काळेकुट्ट भाजले असते तर वरून कुणाला कळलं नसतं. पण अश्विन दाणा दाताखाली धरणार. कोरा कटकन तुटतो, मोडाचा भुसभुशीत फुटतो.

तिने फोन करून खरं ते सांगितलं. नवे जव आणून, भाजून सोमवार गाठणं अशक्य होतं. अश्विन म्हणाला, दुसऱ्या एकाचा नमुना आलाय, मालक थांबणार नाहीत.

"काय म्हणे तो?" ललिताबाईंनी विचारलं.

"नाही होत म्हणे."

"माह्यामुळं?"

मंजुषाने एक दाणा उचलून मायच्या हातावर ठेवला. मग तिने मायला फरक समजावला, तिन्ही बिअरचा. मायने सगळं ऐकलं, ओला दाणा बोटांत चुरून पाहिला.

"मंग याची जे बिअर होते ते कर," ती म्हणाली. "त्यानं नाही मांगितलं त काय झालं? तुले येते ना?"

दाणे दोन दिवस उन्हात वाळले. तिसऱ्या दिवशी मायने मुरमुऱ्यांची कढई चुलीवर चढवली आणि मंजुषा थर्मामीटर हातात धरून बसली. धूर निघायच्या जरा आधी तिने कढई उतरवायला लावली. परसभर तो वास पसरला. नेमका तोच नव्हता. पण दोन वर्षांत इतका जवळचा आला नव्हता.

अश्विनला पाठवायच्या पाकिटावर तिने लिहिलं : पोर्टरसाठी. मागितलेला नमुना नाही. साकोलीच्या पोस्टात ते देऊन ती बाहेर आली, आणि बस लागली तरी बराच वेळ हात नाकाशी धरून उभी राहिली.