राखून ठेवलेली चूक

धाकट्या दिराला वहिनीची भाषा खपत नसे. बोलायची नव्हे, प्रोग्रॅम लिहायची. "पीएचपी म्हणजे उकिरडा, वहिनी. जावास्क्रिप्ट पोरखेळ. आणि पायथन ज्यांना वाट बघायला वेळ आहे त्यांच्यासाठी!" हे तो जेवताना, जिन्यात, गिऱ्हाइकासमोरसुद्धा ऐकवायचा. रस्ट सोडली तर जगात एकही भाषा त्याला धड दिसत नव्हती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

खरं दुखणं वेगळंच होतं. दादाच्या कंपनीतलं सगळ्यात मोठं काम रक्त तपासणाऱ्या लॅबच्या सॉफ्टवेअरचं, आणि ते वहिनीकडे होतं. त्याला ते हवं होतं. इतकं, की तिच्या टाइप करण्याच्या आवाजानंही हल्ली त्याचं डोकं फिरायचं. आज लॅबच्या डॉक्टरीणबाई ऑफिसात येऊन निकाल देणार होत्या: जुनंच चालू ठेवायचं, की त्याच्या हातून रस्टमध्ये नवं लिहून घ्यायचं.

त्याने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. एकच नाव, एकच जन्मतारीख असलेले दोन पेशंट भरले आणि बटण दाबलं. एकाचा साखरेचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलमध्ये हजर!

"बघा, ही यांची पीएचपी."

वहिनीने पडद्यावरचे दोन्ही पेशंट नीट पाहिले. "पेशंटचा नंबर तपासायला हवा होता. मी तपासला नाही. अंगण वाकडं नाही भाऊजी, नाच माझाच चुकला."

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही.

"आता कबूल करताय! मला तर ही चूक पंधरा दिवसांपूर्वीच सापडली होती. आजच्यासाठी राखून ठेवली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "पंधरा दिवस आम्ही रोज रिपोर्ट वाटतोय. लोक ते बघून औषधं घेतायत. आणि तुम्ही राखून ठेवलीत?"

"नाही, म्हणजे... मुळात भाषाच..."

"भाषेचं नाव काढू नका." त्या वहिनीकडे वळल्या. "आधी हे दुरुस्त करा. झालेले रिपोर्ट तपासायला मी माणसं बसवते. आणि पुढेमागे नवी भाषा लागलीच, तर तीही तुम्हीच शिका. या गृहस्थांना माझ्या कामाला हात लावू देऊ नका."

वहिनीचं टाइप करणं कधीच सुरू झालं होतं.

"तुमची वायर काढा, भाऊजी," मान वर न करता ती म्हणाली. "पडदा मला हवाय. आणि ह्यांना मी काही सांगणार नाही. घरी गेल्यावर तुमच्या दादाला तुम्हीच सांगा."